उभ्या गिरणीचा खर्च

(शेणव्याच्या पुढे आतल्या एका गावात भातगिरणी चालवणाऱ्या हिराबाईंनी गिरणीच्या ओट्यावर बसून हे सांगितलं. बोलणं त्यांचं आहे, तसंच ठेवलं आहे.)

माझं माहेर मुरबाडकडचं. तिकडे आमच्या वाडीत तवा गिरणी नव्हती, आई उखळात भात कांडायची आणि आमी दोघी बहिणी तिच्या जोडीला, एक मुसळ हिच्या हातात, एक माझ्या, आणि दाणा फुटला की आई ओरडायची, एवढी कणी काय तुझा बाप खाणार, आणि बापच खायचा बिचारा, कारण आमच्याकडे तांदूळ पावण्याला आणि कणी घरच्याला असंच चालायचं. मंग लगीन होऊन मी इकडे शहापूर तालुक्यात आले आणि बगते तर काय, घराला लागूनच भातगिरणी, सासऱ्यांची. आई बोलली, सुटलीस गो, हातातलं मुसळ गेलं तुझ्या. मुसळ गेलं ते खरं, पण ही गिरणी माझ्या मानेवर येणार हाय हे तिला कोण सांगणार होतं. आता माझे केस पांढरे झाले, गिरणी अजून मानेवरच हाय.

सासरे हौशी माणूस. गावात वीज आली तवा त्यांनी खालचं एक शेत विकलं आणि भात भरडायचा हलर आणला, मोटर आणली, पट्टा आणला, आणि सगळ्या गावाच्या पोरांना त्या पट्ट्यापासून लांब ठेवायला एक बांबू आणला. गावकी बसली. गावकी म्हंजे काय ते तुमाला माहीत असंल, गावातले जाणते पुरुष देवळात बसतात आणि गावाचं ठरवतात, कोणाची वाट कुठून, पालखी कवा, गुरवाला किती. तर गावकीने गावदेवीसमोर नारळ फोडला आणि गिरणीचं ठरवलं. गाववाल्याने भात आणायचा, भरडून झाला की तांदूळ आणि कणी त्याने घेऊन जायचं, कोंडा गिरणीचा. रोख पैसा घ्यायचा नाय. आणि त्याच्या बदल्यात गावाने आपला भात दुसऱ्या कुठल्या गिरणीवर न्यायचा नाय. हे दोन्ही नीट लिवा, दोन्ही. कारण पुढं अर्धंच लक्षात राहिलं सगळ्यांच्या.

मी त्या ठरावाला नाव ठेवत नाय. तवा बाईमाणसाच्या हातात रोख पैसा होता कुठं? भाताची टोपली डोक्यावर घेऊन यायची, तांदूळ घेऊन जायची, कोणाला काय मागायला नको. आणि कोंड्याला भाव होता तवा. कल्याण-भिवंडीकडचे तबेलेवाले म्हशींसाठी कोंडा न्यायचे, त्यांचा टेम्पो दारात उभा असायचा, सासरे खाटेवर बसून त्याला वाट बगायला लावायचे, बोलायचे थांब, चा पी. त्या कोंड्यावर विजेचं बिल निघायचं, पट्टा निघायचा, घर निघायचं. नणंदेचं लगीन कोंड्यावर झालंय आमच्या, खोटं नाय सांगत.

सासरे गेले आणि आमच्या ह्यांना भिवंडीला गोडाऊनमध्ये काम लागलं होतं, पहाटे जायचे अंधार पडल्यावर यायचे, मंग गिरणी कोण बगणार, तर मी. कोणी मला विचारलं पण नाय, चावी खुंटीला होती ती मी घेतली. तशी अवघड नाय गिरणी, वरून भात ओतायचा, खाली बगत राहायचं, पण कान पायजे. भात ओला असला तर आवाज जड येतो, लय सुका असला तर दाणा तुटतो, मंग कणी जास्त पडते आणि बाई भांडते, ए हिरा, माझा बारीक झिनी भात होता, हे काय केलंस. अंगावर कोंडा, डोक्यात कोंडा, भाकरीत कोंडा. पण मला आवडायचं, आता कशाला लपवू. घरातल्या कामाला कोण कवा बरं बोलतं काय? इथं बाई तांदूळ ओंजळीत घेऊन बगायची आणि हसायची.

आता खरी गोष्ट सुरू होते, म्हंजे माझं डोकं तापायची.

तबेले हळूहळू कमी झाले, जागा विकल्या लोकांनी, जे राहिले ते गोणीतलं तयार खाद्य घालायला लागले. टेम्पो महिन्यातून एकदा, मंग दोन महिन्यातून, मंग फोन केला तर उचलायचाच नाय. कोंड्याचा भाव पडला, एवढा पडला की तो भरायची गोणीच मला महाग. आणि बिल चढतंच हाय, पट्टा महाग, मिस्त्री शहापुरावरून यायचा तर त्याचं येणं-जाणं माझ्यावर. पण गावाचं काय, कोंडा गिरणीचा, रोख पैसा नाय, नारळ फोडलाय. मी ह्यांना बोलले, गावकीत बोला, थोडा तरी पैसा लावू द्या. हे गेले, परत आले, जेवायला बसले. मी बोलले, काय झालं? तर बोलले, नाना नको बोलले. मी बोलले, मंग तुमी काय बोललात? बोलले, मी काय बोलणार, मान हलवली. जाऊ दे गो. हे आमचे हे! साधा माणूस हाय, कोणाच्या वाईटात नाय, पण मान हलवून आला आणि भात कालवून जेवला, मला त्या रात्री एवढा राग आला की मी त्यांना आमटी वाढलीच नाय परत.

नाना म्हंजे गोविंदनाना, गावकीचे मोठे, देवळाला लागून घर त्यांचं, गावात सगळ्यात जास्त भात त्यांचा. माणूस वाईट नाय, अडीनडीला धावून येतो, पण एकदा नारळ फुटला की फुटला. माझ्या तोंडावर बोलले, हिरा, देवीसमोर ठरलेला दर बदलला तर उद्या कोणाचा कोणावर विश्वास राहील. मी बोलले, नाना, विजेचा दर देवीसमोर ठरलेला नाय ना, तो तर दरसाल बदलतोय. तर हसले. हसायचं काय होतं त्यात?

बरं, भात तरी यावा. तो पण कमी झाला. सरकारने खरेदी केंद्र काढलं, हमीभाव देतात, चांगलं हाय, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, मी का नको बोलू. आणि रेशनवर तांदूळ फुकट मिळायला लागला, ते पण चांगलं, आमच्या बाजूला अशी घरं हायत की त्या तांदळावर त्यांची पोरं वाढली. पण मंग गिरणीवर काय येणार सांगा? लोक घरचा भात केंद्रावर घालतात आणि रेशनचा तांदूळ शिजवतात. घरचा थोडा ठेवतात, सणाला, लग्नाला, बाळंतिणीच्या पेजेला, तांदळाच्या भाकरीला, कारण रेशनच्या तांदळाची भाकरी थापली तर चिरते. म्हंजे गिरणी लागते सगळ्यांना, पण थोडी थोडी. कोणाला गिरणी बंद व्हायला नको हाय, आणि गिरणीवर रोज कोणी येत नाय. ह्याच्यात मी काय करायचं, हे कोणी सांगा मला.

त्यात ते सरकारी साहेब तपासायला आले. वजनकाट्यावर सरकारी शिक्का दरसाल मारून घ्यायला लागतो, तो माझा राहिला होता. मी बोलले साहेब, मी वजन करतच नाय, कोंड्यावर भरडते, तो काटा कोंडा विकायचा होता, आता कोंडा पण कोण घेत नाय, त्याच्यावर कोंबडी बसते. ते बोलले, काटा हाय ना दुकानात, मंग शिक्का पायजे. मंग पंचायतीचा दाखला बगितला, बोर्ड लावा बोलले, पट्ट्याला झाकण लावा बोलले. झाकणाचं बरोबर होतं, मी लावलं दुसऱ्या दिवशी. बाकीचं भरलं दंडासकट. आणि ते कागद भरत असताना बाहेर रस्त्यावरून काय गेलं? ट्रॅक्टर. मागं हलर बसवलेला, ट्रॅक्टरच्याच इंजिनावर फिरणारा, गावोगाव दारात जाऊन भात भरडतो तो. डोंगराच्या पलीकडच्या गावचा एक जण.

मी बोलले, साहेब, त्याला थांबवा ना, त्याचा शिक्का बगा, त्याचं झाकण बगा, त्याचा पट्टा तर उघडा फिरतोय पोरांमध्ये. तर साहेब काय बोलले माहीत हाय? मावशी, त्याचा पत्ता कुठं हाय? आज इथं हाय, उद्या किन्हवलीला, परवा कुठं. नोटीस लावायची तर कशाला लावू, टायरला?

आता हसू नका तुमी. मला पण आता हसू येतं, पण तवा नाय आलं. म्हंजे मी भिंत बांधली हा माझा गुन्हा! मी दार लावलं, दारावर नाव लिवलं, रोज तिथंच बसते, म्हणून मी सापडते. तो सापडत नाय म्हणून त्याला नियम नाय. मंग नियम कोणासाठी हाय, गिरणीसाठी की भिंतीसाठी? साहेब चांगला माणूस होता, त्याने पाणी मागितलं मी दिलं, ते पिऊन पावती माझ्या हातात ठेवून गेला.

आणि आमचं गाव! त्या ट्रॅक्टरला गावाने नारळ फोडला. देवळासमोर, टायरला हळदकुंकू लावून. बायांना बरं वाटलं, दारात गिरणी आली, डोक्यावर न्यायला नको, आणि कोंडा पण परत देतो, आपल्या कोंबड्यांना. थोडे पैसे घेतो, पण थोडेच. नाना स्वतः उभे होते. दुसऱ्याकडे भात न्यायचा नाय असं ठरलं होतं ना, मी विचारलं. तर बोलले, आपण कुठं नेतो, तोच येतो. असं उत्तर! पण त्या दिवशी एक चूक केली गावाने, जी आमचंच गाव करू शकतं. नारळ फोडला, पेढा वाटला, पण त्याला विचारलंच नाय की पुढच्या वर्षी दर काय. नारळ फुटला म्हंजे ठरलं असं धरून चालले सगळे. तो बाहेरचा माणूस, त्याला काय माहीत आमच्या नारळाचं, त्याने खोबरं खाल्लं आणि गेला.

मंग मी शहापूरला वीज ऑफिसात गेले. बिलावर एक ओळ असते, स्थिर आकार. गिरणी चालली तरी तो, नाय चालली तरी तो. पावसाळ्यात मशीनवर कोळ्याने जाळं केलं तरी तो. तिथं खिडकीत एक मुलगी होती, माझ्या भाचीएवढी, तिला बोलले, गो, मी वीज वापरलीच नाय ह्या महिन्यात तर हे कसले पैसे? ती पण बिचारी सकाळपासून माणसांना तोंड देऊन दमलेली, बोलली, मावशी, तुमी कवाही बटण दाबलं तर वीज यायला पायजे ना? मंग खांब उभा ठेवायला लागतो, तार ठेवायला लागते, माणूस ठेवायला लागतो. तुमी वापरा नायतर नका वापरू, ते सगळं तुमच्यासाठी उभं हाय, त्याचे पैसे. नको असंल तर मीटर काढून न्यायला सांगा, आकार बंद. पण परत पायजे झाला तर सगळं नव्याने, नवीन जोडणी, नवीन अनामत.

मी तिच्याशी भांडले तिथं. लय भांडले, मागच्या माणसांनी मला बाजूला ढकललं. आणि परत येताना गाडीत बसल्यावर, शेणव्यापर्यंत यायच्या आत, माझ्या लक्षात आलं की ती पोरगी तेच बोलत होती जे मी इतकी वर्षं गावाला सांगू बगत होते आणि मला सांगता येत नव्हतं. मी पण उभी हाय ना गावासाठी! कोणी येवो न येवो, पट्टा ताणून, हलर साफ करून, चावी कमरेला लावून. वीजवाल्यांचं उभं राहणं कागदावर येतं, माझं कुठं येतं? रागाने मला रडायला आलं, बाजूची बाई बोलली, काय झालं, घरी काय वाईट झालं काय.

घरी आले आणि गिरणीला कुलूप लावलं. ह्यांना बोलले, भात झोडून झाल्यावर मी मीटर काढायला सांगणार, तोवर गावाने काय ते बगावं. हे बोलले, जाऊ दे गो, घरची गिरणी हाय. मी बोलले, घरची हाय म्हणूनच घर खाते. तवा पहिल्यांदा मान हलवली नाय त्यांनी.

त्या वर्षी बगा काय झालं. माझ्या गिरणीला कुलूप लागलं आणि ट्रॅक्टरवाल्याला कळलं की आता दुसरं कोणी नाय. पैसे वाढवले. परत वाढवले. कोंडा द्यायचा बंद केला, बोलला कोंडा माझा. आणि दहा-पंधरा घरांचा भात एकत्र असल्याशिवाय येतच नाय, फोन केला तर बोलतो डिझेल तुमी देणार काय एका टोपलीसाठी. त्याचं पण चूक कसं बोलू मी, डिझेल त्याला पण लागतं. पण आमच्या शेजारची सोनाआजी, एकटी राहते, तिच्या नातीला बाळ झालं, पेजेला घरचा तांदूळ पायजे म्हणून आजी एक टोपली भात घेऊन ट्रॅक्टरच्या मागं चालत गेली शेवटच्या घरापर्यंत, आणि त्याने इंजिन बंद केलं, बोलला आजी, पुढच्या वेळेला. आजी ती टोपली घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. कुलपाकडे बगत बसली.

मी तिला कुलूप उघडून दिलं नाय. हो, नाय दिलं. उखळ काढलं मागचं आणि आमी दोघींनी तिचा भात कांडला, ती पाखडायची मी कांडायची, आणि वाटेवरून जाणाऱ्या एकेका बाईला मी बोलावून दाखवलं, ये, बग, हे परत करायला लागणार हाय तुमाला. माझा हात दुखत होता पण मी थांबले नाय. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात गेलं की हिरा उखळावर बसली.

गावकीने बोलावलं, ह्यांना. मी बोलले मी येते. गावकीत बाया बसत नायत, मागं उभ्या राहतात नायतर येतच नायत. मी आत जाऊन बसले, सतरंजीच्या कडेला. दोघा-तिघांनी एकमेकांकडे बगितलं, कोण उठवणार हिला, आणि कोणीच उठवलं नाय. माझ्या मागून आठ-दहा बाया येऊन पायरीवर उभ्या राहिल्या, सोनाआजी पुढं.

नाना बोलले, हिरा, गिरणी उघड, सासऱ्यांनी शब्द दिलाय. मी बोलले, नाना, नारळ एक होता, शब्द दोन होते. मी पैसा घेणार नाय हा एक, गाव दुसरीकडे भात नेणार नाय हा दुसरा. तुमचा तुमी मोडला, हळदकुंकू लावून मोडला, आणि माझा मी पाळायचा? मंग नानांनीच मार्ग काढला, तसा समजूतदार हाय माणूस, बोलले, बरं, गोणीमागं थोडं रोख घे, कोंडा ज्याचा त्याला. सगळ्यांना वाटलं झालं, मिटलं, एक जण उठायला पण लागला.

मी बोलले, बसा. हे झालं चाक फिरतं तवाचं. ते मी घेते. पण गिरणी नुसती उभी असते त्याचं कोण देणार? वर्षातले किती दिवस चाक फिरतं आता? बाकी दिवस मी ती उभी ठेवायची, आकार भरायचा, शिक्का मारून आणायचा, कोणासाठी? तुमच्या पोरीचं लगीन कवा निघंल, तुमच्या घरी बाळंतीण कवा येईल, त्यासाठी. तर झोडणी झाली की दर घराने एक पायली भात गिरणीला द्यायचा, भरडायला येवो नायतर न येवो. गुरवाला देता तसा.

असा गोंधळ झाला म्हणून सांगू. एक जण बोलला, मी सगळा भात केंद्रावर घालतो, मी का देऊ? मी बोलले, तुझी थोरली कवा उजवणार हायस रे? तवा मांडवात रेशनचा तांदूळ वाढणार काय? नाना चिडले, बोलले, गुरव देवाची पूजा करतो, गिरणी काय देव हाय? मी बोलले, देव नाय नाना, देवाला बिल येत नाय. पायरीवरच्या बाया हसल्या आणि नानांचं तोंड लाल झालं. मी हसले नाय. मला माहीत होतं की आता गावकी नको बोलली तर मी खरंच मीटर काढणार, आणि मंग ह्या खोलीत गवत भरायचं फक्त.

तेवढ्यात सोनाआजी पायरीवरून बोलली, पयली पायली माझी. तिच्या दोन तुकड्यांच्या शेतातली. मंग अजून एक बाई बोलली, मंग एक पुरुष, मंग बरेच. नाना शेवटपर्यंत हो बोलले नाय. बोलले, ज्याला द्यायचं त्याने द्यावं, गावकी सक्ती करणार नाय. आणि उठले. मी गिरणीचं कुलूप काढलं.

सक्ती नाय म्हंजे काय झालं असंल ते तुमीच समजा. झोडणी झाली, खळी झाली, पायल्या आल्या, पण सगळ्यांच्या कुठं. जो केंद्रावर घालतो त्याची आली, मला नवल वाटलं. ज्यांची आली नाय ते पण भात घेऊन येतात गिरणीवर, हसत हसत, बाकीचे गिरणी उभी ठेवतायत ना, मंग आपण कशाला द्यायचं. एकेकाचं तोंड बगून मला वाटतं टोपली ओतून द्यावी वाटेवर. माझ्या दारात काय लिवलेलं नाय कोणी दिलं कोणी नाय, पण मला माहीत हाय, त्यांना माहीत हाय. हे बोलतात, जाऊ दे गो, पुढच्या वर्षी देतील. आणि नानांच्या घरची पायली आली नाय. सगळ्यात जास्त भात त्यांचा. त्यांचं बगून अजून पाच घरांनी थांबवली, मोठे देत नायत मंग आपण का. मी मनात ठरवलं होतं, नानांच्या घरचा भात आला तर बटण दाबणार नाय, काय व्हायचं ते होऊ दे, मीटर पण जाऊ दे.

मागच्या आठवड्यात त्यांची सून आली. नवीनच हाय, गेल्या वर्षी लगीन झालंय, आमच्या मुरबाडकडचीच. डोक्यावर भाताची टोपली, वर चढणीची वाट, घामाने भिजलेली. वाटेवर दुसऱ्या बाया बसल्या होत्या, सगळ्या माना वळवून बगायला लागल्या, हिरा आता काय करते म्हणून. मी कमरेवर हात ठेवून दारातच उभी. तोंडात शब्द तयार होता. तिने टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, माझ्याच कोपऱ्यातली पायली घेतली, टोपलीतून काठोकाठ भरली आणि माझ्या पिंपात ओतली. मंग बाकीची टोपली पुढं सरकवली, बोलली, काकू, हे भरडा.

मी बोलले, गो, नानांना माहीत हाय काय हे? तुला रागावले तर?

ती बोलली, मामंजी गावकीत बसतात काकू, भात डोक्यावरून मी आणते. ही गिरणी गेली तर उखळ त्यांच्या हातात नाय येणार.

माझे डोळे भरून आले आणि मी कोंडा गेला डोळ्यात असं करून पदर लावला. बोलले, सुखी रहा पोरी, आणि बटण दाबलं. वाटेवरच्या दोघी उठल्या, घरी गेल्या, आणि अंधार पडायच्या आत त्यांच्या पायल्या आल्या, दोघींच्या. नानांचं अजून मला काय कळलं नाय, घरी काय झालं ते. काल देवळापाशी दिसले, हिरा बरी हायस ना, एवढंच बोलले, आणि पुढं गेले. मीटर मी ठेवला हाय.